सुजलेला पाय गोळीने उतरत नाही

माननीय संपादक,
स. न.

हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आली की जिल्हा पानावर बातमी येते: कर्मचारी घरी येतील, गोळ्या त्यांच्यासमोरच घ्या. बातमी योग्यच असते. पण ज्याचा पाय आधीच सुजून बसला आहे त्याने काय करायचे, याबद्दल तिच्यात एक ओळही नसते. ती ओळ न मिळालेला माणूस मग 'हत्तीपाय मुळासकट बरा' अशा जाहिरातीकडे वळतो. म्हणून हे पत्र. लांबले तर जरूर कात्री चालवा, फक्त पाय धुण्याचा आणि दाबाच्या पट्टीचा भाग तेवढा राहू द्या.

आधी सूज का येते ते पाहू. रक्ताच्या केसासारख्या बारीक वाहिन्यांतून पाणी आणि थोडी प्रथिने सतत पेशींमधल्या जागेत झिरपत असतात. ती गोळा करून परत रक्तात सोडण्याचे काम लसिकावाहिन्या करतात. मोठ्या माणसात दिवसाला साधारण २ ते ४ लिटर लसिका, म्हणजे हेच गोळा केलेले पाणी (लिम्फ), अशी परत येते आणि तिचा बहुतेक भाग गळ्याच्या बुडाशी डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत पडतो. या वाहिन्यांमागे हृदयासारखा जोर नसतो. त्यांच्या भिंती स्वतःच आकुंचन पावतात, आत झडपा असतात, आणि चालताना पोटरीचे स्नायू व श्वास घेताना पोट-छाती त्यांना पुढे रेटतात. वाटेत जांघेत, काखेत ग्रंथी असतात. या ग्रंथी काढल्या, जळाल्या किंवा वाहिन्या आतून खराब झाल्या की चारी बुजल्यावर वावरात पाणी तुंबावे तसे त्या हातात किंवा पायात ते तुंबते.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. तुंबलेल्या त्या पाण्यात प्रथिने असतात. लघवी वाढवणारी गोळी पाणी काढते, प्रथिने जागेवरच राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात. दोन दिवस पाय हलका वाटतो, आठवड्याने होता तसा होतो, आणि वर अशक्तपणा, पायात गोळे. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठी ती गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नये. पण निव्वळ लसिकेच्या सुजेवर तिचा उपयोग नाही. मीठ सोडून किंवा डाळ-अंडी बंद करूनही ही सूज जात नाही. वजन कमी केले तर मात्र फरक पडतो.

सुरुवातीला बोटाने दाबले की खड्डा पडतो आणि रात्रभर पाय उंच ठेवला की सकाळी सूज ओसरते. याच वेळी पट्टी सुरू झाली तर बरेच काही वाचते. नेमक्या याच वेळी लोक 'सकाळी तर काही नसते' म्हणून थांबतात. पुढे साचलेल्या प्रथिनांभोवती दाह राहतो, कातडीखाली घट्ट तंतू आणि चरबी वाढते, पाय निब्बर होतो, खड्डा पडेनासा होतो, सकाळचा आणि संध्याकाळचा पाय सारखाच दिसतो. त्याच्याही पुढे कातडी जाड होऊन घड्या पडतात, चामखिळीसारखे उंचवटे येतात, लस गळू लागते. चरबी आणि तंतू झाल्यावर पट्टीने पाणी निघते, पण पाय पूर्वीच्या मापावर येत नाही. हे रुग्णाला आधीच सांगितले पाहिजे.

मराठवाड्यात या सुजेची मोठी कारणे दोन. नांदेड, लातूर आणि धाराशिव हे जिल्हे हत्तीरोगाच्या सरकारी यादीत आहेत. वुचेरेरिया बॅनक्रॉफ्टी नावाचा धाग्यासारखा जंत क्युलेक्स डासामार्फत शरीरात येतो, लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतो आणि त्यांना फुगवून निकामी करतो. हा डास गटारात, शौचालयाच्या टाकीत, घाण पाण्यात वाढतो. टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधणे आणि सांडपाणी शोषखड्ड्यात मुरवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने तो करून दाखवला आहे. मोहिमेतल्या गोळ्या, म्हणजे १५ वर्षांवरील माणसाला डीईसी १०० मिलिग्रॅमच्या तीन आणि अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक, रक्तातले बारीक जंतू मारतात आणि गावातला प्रसार थांबवतात. उपाशीपोटी घेऊ नयेत. दोन वर्षांखालील मूल, गर्भवती आणि गंभीर आजारी माणूस यांना द्यायच्या नाहीत. गोळीनंतर ताप, मळमळ झाली तर बहुधा अंगातले जंतू मरत आहेत असे समजावे. 'गोळी बाधली' अशी बोंब गावभर करू नये. सुजलेल्या माणसानेही मोहिमेत गोळ्या घ्याव्यात. पण बिघडलेली वाहिनी त्याने दुरुस्त होत नाही. सूज जुनी असेल तर रात्री ८ ते १२ दरम्यान घेतलेल्या रक्तातही जंतू सापडेलच असे नाही, म्हणून 'रिपोर्ट निल आला, म्हणजे हत्तीरोग नाही' असा अर्थ काढू नये. अंडवृद्धीची गोष्ट वेगळी. ती ऑपरेशनने जाते. लाजेपोटी ती वर्षानुवर्षे धोतरात लपवण्यात काही अर्थ नाही.

दुसरे कारण कर्करोगाचे उपचार. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आणि मराठवाड्याला लागून असलेल्या बार्शीला इथल्या हजारो बायका स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जातात. काखेतल्या ग्रंथी पूर्ण काढल्या तर साधारण पाचांतल्या एकीचा हात पुढे सुजतो. फक्त पहारेकरी ग्रंथी, म्हणजे कर्करोग पसरताना आधी जिथे पोहोचतो ती, काढून तपासली तर हे प्रमाण वीसांत एकीच्या आसपास येते. वर करंट, म्हणजे रेडिएशन, दिला असेल आणि वजन जास्त असेल तर धोका वाढतो. बहुतेकींना ही सूज पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, काहींना वीस वर्षांनीही. नुसती गर्भाशयाची पिशवी काढल्याने पाय सुजत नाही. ओटीपोटातल्या किंवा जांघेतल्या ग्रंथी काढल्या किंवा तिथे करंट दिला तरच तो धोका असतो. बीड जिल्ह्यात कितीजणींच्या पिशव्या निघाल्या आहेत हे पाहता एवढा खुलासा आवश्यक वाटतो. उपचार संपल्यावर सूज अचानक आली, झपाट्याने वाढली किंवा दुखू लागली, तर पट्टी बांधण्याआधी रोग परतला नाही ना, शिरेत गाठ झाली नाही ना, याची तपासणी करून घ्यावी. अनेक वर्षे सुजलेल्या हातावर मुक्का मारासारखा जांभळा डाग किंवा गाठ उठली तर तीही दाखवावी. दुर्मीळ असते, पण वाईट असते.

प्रत्येक सुजलेला पाय लसिकेचा नसतो. दोन्ही पाय सारखे सुजले तर आधी हृदय, किडनी, यकृत, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पाहावे. बीपीच्या अॅम्लोडिपिननेही घोटे सुजतात. एकच पाय एका-दोन दिवसांत सुजला आणि पोटरी दुखू लागली तर शिरेतल्या रक्ताच्या गाठीचा संशय धरून त्याच दिवशी सोनोग्राफी करावी. लसिकेची सूज बहुधा एका बाजूला जास्त असते आणि पावलाचा वरचा भाग व बोटे फुगवते. एक सोपी खूण घरी पाहता येते. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या बुडाशी, वरच्या अंगाला, कातडी चिमटीत धरून उचलावी. उचलली जात नसेल तर लसिकेची सूज असण्याची शक्यता खूप. उचलली गेली म्हणून मात्र ती नाहीच, असे नसते.

निदान झाले की शिंप्याचा टेप घ्यावा. उभे राहून जमिनीपासून १०, २०, ३० आणि ४० सेंटिमीटरवर पेनाने खुणा करून दोन्ही पायांचा घेर मोजावा. हाताला मनगटापासून दर १० सेंटिमीटरवर. माप नेहमी एकाच वेळी, शक्यतो सकाळी. एकाच उंचीवर दोन्ही बाजूंत २ सेंटिमीटरचा फरक म्हणजे दखल घ्यायची सूज. 'आता बरं वाटतंय' यावर कुणाचाच उपचार चालवू नये. टेप न वापरता पट्टी बांधणाऱ्याला आपली पट्टी लागू पडते की नाही हे कळायला मार्गच नसतो.

आता धुण्याबद्दल. ही सूज टप्प्याटप्प्याने वाढते ती मुख्यतः झटक्यांनी. थंडी वाजून ताप, जांघेत अवधान, पाय लाल, गरम, ठणकणारा. गावात त्याला धावरे म्हणतात, कुणी हत्तीरोगाचा ताप म्हणते. ताप जंतामुळे नसतो. बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस जातीचे जिवाणू कातडीच्या एखाद्या फटीतून आत शिरलेले असतात. प्रत्येक झटक्याने उरलेल्या लसिकावाहिन्यांतल्या काही बाद होतात, म्हणून झटका गेल्यावर पाय आधीपेक्षा थोडा मोठाच उरतो. वर्षात चार झटके येणाऱ्याचे झटके बंद झाले तर पट्टी नसतानाही त्याचा पाय वाढायचा थांबू शकतो. जिवाणूंची फट कुठे असते? सर्वांत जास्त वेळा बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांत. मग टाचेच्या भेगा, नखुरडे, तुरीच्या धसकटाचा घाव, सराटा, बाभळीचा काटा, खाजवल्याचे ओरखडे.

दिवसातून एकदा, काम संपवून घरी आल्यावर, पाय साध्या पाण्याने आणि अंगाच्या साबणाने धुवावा. टँकरच्या गावातही दोन-तीन तांबे पाणी पुरते. गरम पाणी नको. त्याने रक्तवाहिन्या फुलतात आणि झिरपणे वाढते. रोज जंतुनाशक टाकायचीही गरज नाही, त्याने कातडी कोरडी पडून फुटते. प्रत्येक बेचके आणि प्रत्येक घडी बोटाने उघडून धुवावी, ब्रशने घासू नये. मग जुन्या लुगड्याची मऊ चिंधी बेचक्यातून ओढून टिपावी. सगळी चूक बहुधा इथेच होते. पाय धुतात आणि ओलाच चपलेत घालतात. ओल्या बेचक्यात बुरशी येते, कातडी पांढरी होऊन फाटते. चिखल्या असतील तर क्लोट्रिमॅझोल मलम दिवसातून दोनदा, आणि कातडी चांगली दिसू लागल्यावरही आणखी दोन आठवडे. बाकी पायाला खोबरेल किंवा व्हॅसलिन, पण बेचक्यात तेल-व्हॅसलिन अजिबात नाही. लस गळत असेल, वास येत असेल तर पोटॅशियम परमँगनेटची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी ४ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात १० ते १५ मिनिटे पाय ठेवावा. पाणी फिकट गुलाबी दिसले पाहिजे. जांभळे गर्द असेल किंवा खडे तळाशी राहिले असतील तर कातडी भाजते. नखे सरळ कापावीत, कोपरे कोरू नयेत.

झटका आला तर पट्टी आणि स्टॉकिंग, म्हणजे दाब देणारा लांब मोजा, काढून ठेवावे, मालीश बंद. पाय उशीवर, गार पाण्याच्या घड्या, पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि त्याच दिवशी डॉक्टर. पेनिसिलिन गटातले औषध, त्याची अॅलर्जी असेल तर दुसरे, लाली पूर्ण जाईपर्यंत घ्यावे लागते. या रुग्णांत ते बहुधा १४ दिवस लागते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून सोडले की महिन्याभरात तेच दुखणे परत येते. वर्षात वारंवार झटके येणाऱ्यांना दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिन १२ लाख युनिटचे इंजेक्शन देता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही चर्चा रुग्णानेच काढावी. बरळणे, उलट्या, कातडीवर काळे डाग किंवा पाण्याचे फोड दिसले तर घरी थांबू नये.

आणि हे करू नये: बिब्बा लावणे, डाग देणे, जळवा, तुंबड्या, गरम वाळूचा शेक, सुईने टोचून 'घाण पाणी' काढणे. बिब्ब्याने फोड येतो, फोड फुटतो, जिवाणूंना दार मिळते. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याचा किंवा तुळजापूरला अनवाणी चालत जाण्याचा नवस ज्यांचा पाय सुजलेला आहे त्यांनी चप्पल घालून फेडावा. आई भवानी तेवढे चालवून घेईल. तुरीचे धसकट घेणार नाही.

सूज प्रत्यक्षात उतरवते ती पट्टी. आणि सगळ्यात जास्त गोंधळही पट्टीचाच. दुकानात मिळणारे साधे क्रेप बँडेज खूप ताणले जाते. ते बसल्या-झोपल्या जागी सतत आवळते आणि चालताना मात्र स्नायूसोबत फुगून दाब सोडून देते. आपल्याला नेमके उलटे हवे असते: विश्रांतीत सौम्य, चालताना घट्ट. कमी ताणाची, म्हणजे शॉर्ट स्ट्रेच पट्टी तशी वागते. तिच्या कडक भिंतीवर आतून पोटरी आपटते आणि प्रत्येक पावलाला लसिका वर ढकलली जाते. म्हणून पट्टी बांधून खाटेवर पडून राहणे फुकट. बांधल्यावर १५-२० मिनिटे चालायचेच.

गुडघ्याखालच्या पायाला एक ८ सेंटिमीटर रुंद आणि दोन १० सेंटिमीटर रुंद, प्रत्येकी ५ मीटर लांब पट्ट्या साधारण पुरतात. मांडीपर्यंत जायचे तर १२ सेंटिमीटरच्या आणखी दोन-तीन. पायाला आधी खोबरेल, त्यावर सुती नळीमोजा. बोटे सुजली असतील तर प्रत्येक बोटाला ४ सेंटिमीटरच्या गॉजचे दोन-तीन फेरे, करंगळी सहसा सोडून. मग कापसाचा सॉफ्ट रोल सबंध पायावर. घोट्याच्या हाडामागे जे खड्डे असतात त्यांत साधारण १ सेंटिमीटर जाडीच्या फोमचे कापलेले तुकडे बसवावेत, नडगीच्या धारेवरही कापसाचा जादा थर. याला कारण आहे. तोच ताण ठेवला तरी बारीक घेरावर दाब जास्त पडतो, जाड घेरावर कमी. भर न घालता बांधले तर नडगी आणि टाचेची शीर कापली जाते, आणि घोट्यामागच्या खड्ड्यात सूज तशीच राहते. पाय आधी सारख्या नळीच्या आकाराचा करायचा, मग पट्टी.

पाऊल पिंडरीशी काटकोनात धरावे. ते खाली झुकलेले असताना बांधले तर चालायला लागल्यावर घोट्यापुढे पट्टी चुरगळून रुतते. ८ ची पट्टी बोटांच्या बुडापासून सुरू करावी. पहिले दोन फेरे ताण न देता, नंतर सारख्या ताणाने, प्रत्येक फेरा आधीच्यावर निम्मा चढवत. घोट्याला इंग्रजी आठच्या आकड्याचा फेरा, टाच पूर्ण झाकलेली. टाचेवर खिडकी राहिली की तिथून सूज बाहेर डोकावते. १० ची पहिली पट्टी घोट्यापासून वर, दुसरी उलट दिशेने. शेवट गुडघ्याखाली दोन बोटांवर, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जे छोटे हाड हाताला लागते त्याच्यावर आवळणी नको. तिथून जाणारी नस दबली तर पाऊल उचलता येईनासे होते. शेवटी चिकटपट्टी, धातूची क्लिप नको, ती कातडीत घुसते. ताण हळूहळू वाढवायचा नसतो. थर खाली जास्त आणि वर कमी, त्यानेच दाब घोट्याकडून वर उतरत जातो. वरच्या टोकाला जास्त आवळणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक चूक. तिने पाऊल दुप्पट फुगते.

बांधून झाल्यावर अंगठ्याचे नख दाबून सोडावे, दोन-तीन सेकंदांत गुलाबी झाले पाहिजे. बोटे निळी, पांढरी किंवा गार पडली, मुंग्या आल्या, दुखू लागले तर पट्टी त्या क्षणी सोडावी. 'सहन करा, सवय होईल' म्हणणाऱ्याकडून पट्टी बांधून घेऊ नये. पहिल्या आठवड्यात पाय झपाट्याने बारीक होतो म्हणून पट्टी घसरते आणि गुडघ्याखाली तिची दोरी होते. त्यामुळे रोज सोडायची, पाय धुवायचा, पुन्हा बांधायची. असे दोन ते चार आठवडे, दिवसरात्र. टेपवरचे माप लागोपाठ काही दिवस हलेनासे झाले की हा टप्पा संपला. शॉर्ट स्ट्रेच पट्टी मिळाली नाही तर भरपूर कापसावर दोन-तीन क्रेप उलटसुलट, मध्यम ताणाने बांधता येतात, कारण थरावर थर चढला की क्रेपही कडक होते. ती मात्र रात्री काढावी.

कुणाला बांधू नये, हे आधी पाहावे. ताज्या झटक्यात, शिरेत ताजी गाठ असताना, हृदय निकामी होऊन धाप लागत असताना पट्टी नाही. मधुमेही, तंबाखू-विडी ओढणारे आणि चालताना पोटरीत कळ येणारे यांची घोट्याची आणि दंडाची बीपी मोजून त्यांचे गुणोत्तर काढावे. ते ०.५ च्या खाली असेल तर दाब द्यायचाच नाही, ०.५ ते ०.८ मध्ये कमी दाब आणि तोही देखरेखीखाली. रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या साध्या डॉप्लर यंत्राने हे दहा मिनिटांत होते. मधुमेहात पायाची जाणीव कमी असते, पट्टी रुतलेली कळत नाही. त्यांनी दिवसातून दोनदा बोटे पाहावीत.

४२ अंशांच्या उन्हात तीन थर घालून कोण बसणार, हा आक्षेप खरा आहे. म्हणून मोठा उपचार सोयाबीन निघाल्यावर, दिवाळी ते होळी या काळात उरकावा. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पंचाईत होते, कारण तोच त्यांचा हंगाम. त्यांच्यासाठी निदान स्टॉकिंग आणि रोजचे धुणे तरी फडावर चालू राहिले पाहिजे. उन्हाळ्यात बाहेरच्या थरावर थोडे पाणी शिंपडले तर पट्टी सुसह्य होते, आतला कापूस भिजू देऊ नये.

सूज उतरल्यावर स्टॉकिंग. उतरण्याआधी घेतलेले पुढे ढिले पडते, तरी दुकानात आधी तेच गळ्यात मारतात. पायाला बहुतेकदा पाऱ्याच्या ३० ते ४० मिलिमीटर दाबाचे लागते, हाताला २० ते ३० चे. व्हेरिकोज व्हेन्ससाठी मिळणारे पातळ, गोल विणीचे स्टॉकिंग निब्बर पायावर घडीत रुतते. अशा पायाला जाड, सपाट विणीचे, मापाने शिवलेले हवे. सकाळी खाटेवरून उतरण्याआधी, रबरी हातमोजे घालून चढवावे. दोन जोड हवेत, एक अंगावर, एक दोरीवर. पिळायचे नाही, सावलीत वाळवायचे. सहा महिन्यांत त्यातला दाब जातो. दिसायला ते धड असते म्हणून लोक तेच तीन-तीन वर्षे घालतात आणि 'स्टॉकिंगचा उपयोग होत नाही' म्हणतात.

हलक्या हाताची लसिकेची मालीश उपयोगी आहे, पण एकटी नाही. ती कातडी फक्त सरकवण्याइतक्या दाबाची असते, आणि आधी मान, काख, पोट मोकळे करून मग पायाकडे येतात. तेल लावून रगडणे म्हणजे ती नव्हे. रगडण्याने बारीक वाहिन्या फाटतात. पायाभोवती हवा भरून दाब देणाऱ्या पंपानेही एकट्याने भागत नाही. मशीनचा दाब ६० मिलिमीटरच्या पुढे नको, आणि मशीननंतर पट्टी नसेल तर संध्याकाळपर्यंत पाणी परत. रात्री खाटेच्या पायथ्याच्या पायांखाली एकेक-दोन-दोन विटा ठेवाव्यात. बसल्या जागी घोटा वरखाली १५-२० वेळा, दिवसातून चार-पाच वेळा, आणि पोटातून खोल श्वास.

हात सुजलेल्या बायकांना अजूनही सर्रास सांगितले जाते की त्या हाताने काही उचलू नका. हे चुकीचे आहे. अर्धा किलोपासून सुरू करून हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज वाढत नाही. उलट बळ येते आणि सूज उसळण्याचे प्रमाण कमी होते, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसले आहे. भाकरी थापा, पाणी भरा, पण हळूहळू वाढवत आणि स्लीव्ह, म्हणजे हाताची दाबाची बाही, घालून. जपायचे ते जखमेपासून: कापूस वेचताना बोंडाची टोके बोटात जातात, म्हणून सुती हातमोजे, चुलीच्या चटक्यापासून सावध, गच्च बसणारा चुडा, अंगठी आणि ब्लाउजची बाही सैल करून घ्यावी. सुई आणि बीपी दुसऱ्या हातावर शक्य असेल तर उत्तम, पण तातडीच्या वेळी त्यावरून अडून बसू नये.

शस्त्रक्रिया आहेत. लसिकावाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली शिरेला जोडणे, दुसरीकडची ग्रंथी आणून बसवणे, साठलेली चरबी शोषून काढणे. निवडक रुग्णांना त्यांचा चांगला फायदा होतो, पण चरबी काढल्यानंतर तर जन्मभर स्टॉकिंग घालावेच लागते. 'ऑपरेशन करून टाका, पट्टीची कटकट नको' ही अपेक्षा घेऊन पुण्या-मुंबईला जाणारे निराश होऊन येतात.

आता मागणी. आमच्या भागात कर्करोगाचे ऑपरेशन योजनेच्या कार्डावर होते, हत्तीरोगाच्या गोळ्या दारात येतात, पण पट्टी बांधून देणारे माणूस तालुक्याला सापडत नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट किंवा एक परिचारिका या पट्टीत तयार झाली तरी पुरे. त्यांच्या हाताशी शॉर्ट स्ट्रेच पट्ट्या, फोम, सॉफ्ट रोल आणि एक हातातला डॉप्लर असावा. हत्तीरोगाच्या रुग्णांना टब, मग, टॉवेल, साबण आणि मलमाचा संच देण्याची तरतूद आहे. तो देताना रुग्णाच्या घरच्या माणसासमोर एकदा पाय धुऊन आणि टिपून दाखवावा, नाहीतर टबात धुणी भिजतात. काखेतल्या ग्रंथी काढण्याआधी दोन्ही हातांचे माप घेऊन ते डिस्चार्ज कार्डावर लिहावे, आणि स्लीव्ह व स्टॉकिंगचा खर्च कोणत्या योजनेत बसतो, किती महिन्यांनी नवे मिळेल, हे त्याच कार्डावर मराठीत लिहून द्यावे. आपल्या दैनिकाने पुढच्या मोहिमेच्या बातमीखाली पाय धुण्याच्या आणि टिपण्याच्या चार ओळी चौकटीत छापल्या तर त्या कापून भिंतीला लावणारी घरे या जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

आपले,
लसिकेच्या सुजेच्या रुग्णांवर उपचार करणारे फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका,
लातूर